हुबेहूब

माझ्या धाकट्या भावाचा आवाज मी पुसला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला बिचारी वगैरे म्हणायला नको. डॉक्टरांनी त्याचा गळा कापला तो त्याचा जीव वाचवायला. मी जे केलं ते शाबासकी मिळवायला.

माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. बाजाराच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सवाला आणि चष्मेवाला यांच्या मधोमध. बावीस वर्षं झाली. बाईचा हात चांगला पण तोंड वाईट, असं लोक म्हणतात आणि तरीही येतात. कीबोर्डात चहा सांडला म्हणून एक मास्तर आले होते, तर मी त्यांना पहिला प्रश्न विचारला, "साखर किती होती?" ते रागावले. अहो, पण साखरेनं बटणं चिकटतात, विचारायला नको? असो.

भाऊ गाडी शिकवायचा. स्वतःचं ड्रायव्हिंग स्कूल, दोन गाड्या, आणि सकाळी सहापासून तोंडाचा पट्टा सुरू. "क्लच, क्लच! अहो, क्लच सोडा म्हणजे जगावर राग काढल्यासारखा सोडू नका!" माझ्या अगदी उलट, तो ओरडला तरी माणसाला हसू यायचं. त्याच्याकडे शिकायला आलेल्या बायका महिनाभरानं गाडी चालवायच्याच, वर घरी जाऊन नवऱ्यालाही चार गोष्टी सुनवायच्या.

त्याच्या घरचा कॉम्प्युटर मीच अकरा वर्षांपूर्वी बसवून दिला होता. त्यात शिकाऊ लोकांच्या वेळा, रस्त्यावरच्या खुणांची चित्रं, घरचे फोटो. बसवताना मी त्याला एक नियम घालून दिला होता. डेस्कटॉपवर काही म्हणजे काही साठवायचं नाही. तिथे नुसते शॉर्टकट ठेवायचे, खरी वस्तू आत, डॉक्युमेंट्समध्ये. शॉर्टकट म्हणजे दारावरची पाटी. पाटीत कुणी सामान भरतं का? तेव्हा तो हसला होता. पण त्यानं नियम पाळला, कारण नाही पाळला तर मी किती बोलते हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार.

मग त्याचा घसा बसायला लागला. चार महिने मी त्याला गुळण्या सांगत होते. "दिवसभर ओरडतोस, घसा बसणार नाही तर काय गाणार?" शेवटी तपासण्या झाल्या आणि तो एका दुपारी माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसला. तेव्हा मी एका लॅपटॉपचं पोट उघडून बसले होते. स्वरयंत्र काढावं लागणार, असं त्यानं सांगितलं. गळ्याला भोक ठेवतील, श्वास तिथून. पुढे गळ्याला लावायचं एक यंत्र मिळतं, पण त्यातून निघतो तो यंत्राचाच आवाज, आपला नाही.

"ताई, मी काय म्हणत होतो," तो म्हणाला, "आवाज जाणारच आहे, तर त्याआधी मी काही..."

"अभद्र बोलू नकोस," मी म्हणाले.

"अगं, तसं नाही, ऐकून तर..."

"नाही ऐकायचं मला. डॉक्टर आधी घाबरवतात आणि मग म्हणतात की वाचवला. तुझा आवाज कुठेही जात नाही. जा घरी."

 माझे सांडलेले बारीक स्क्रू त्यानं एकेक करून डबीत भरले आणि गेला. मला वाटलं, मी त्याला धीर दिला. धीर कसला, मीच घाबरले होते हो. त्याच्या तोंडून ते ऐकायची माझ्यात हिंमत नव्हती.

त्यानंतरचे आठ दिवस तो घरात खोलीचं दार लावून बसायचा. भावजय फोनवर म्हणाली, "काम आवरतायत म्हणे." मी म्हटलं, बसू दे, मनाची तयारी करत असेल.

ऑपरेशन झालं. तो बारा दिवस रुग्णालयात होता, आणि मला बारा दिवस स्वस्थ बसवेना. माझं तसंच आहे. दुःख झालं की मी काहीतरी उघडते आणि दुरुस्त करते. त्याचा कॉम्प्युटर रडतखडत चालायचा. जुन्या विंडोजचे अपडेट कधीचे बंद झाले होते आणि नवी त्या यंत्राला झेपली नसती. लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी हलकी, फुकटची सिस्टिम, टाकलं असतं तर यंत्र पळालं असतं. पण भावाला बदल म्हटला की अंगावर काटा. एकदा मी नुसता घड्याळाचा आकार बदलला होता, तर दोन दिवस कुरकुरत होता. आता तर घरी येणार तो आधीच अर्धा नवा होऊन. निदान कॉम्प्युटर तरी जुना दिसावा, असं मला वाटलं. आतून लिनक्स, बाहेरून त्याची तीच विंडोज. त्याला कळतासुद्धा कामा नये.

भावजयीनं किल्ली दिली. म्हणाली, "ताई, त्यांचं काही जाणार नाही ना?"

"अगं, बावीस वर्षं हेच करतेय," मी म्हणाले.

आणि केलंही अगदी जीव ओतून. आधी त्याच्या डेस्कटॉपचं जसंच्या तसं चित्र घेतलं, म्हणजे स्क्रीनशॉट. मग डॉक्युमेंट्स, फोटो, सगळं बाहेर काढून ठेवलं. मग डिस्क पुसली. माझी पुसायची पद्धत इतरांसारखी नाही. इतर नुसतं फॉरमॅट करतात, त्यात जुनं बरंचसं मागे राहतं आणि हुशार माणूस ते परत काढू शकतो. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत शून्यं भरते. तासन्‌तास लागतात. पण माझ्या हातून पुसलेलं ब्रह्मदेवालाही परत मिळत नाही, असं मी गिऱ्हाइकांना फुशारकीनं सांगते.

लिनक्स बसलं. मग खालची पट्टी, डाव्या कोपऱ्यातलं स्टार्टचं बटण, खिडक्यांच्या निळ्या माथ्यावरची लाल फुली, कचऱ्याची टोपली, अक्षराचं वळण, सुरू होतानाचा सूर. एकेक गोष्ट शोधून बसवत गेले. आयकॉन नेमक्या जागी बसावेत म्हणून तो स्क्रीनशॉटच मागे वॉलपेपर म्हणून लावला. चित्रातल्या आयकॉनवर खरा आयकॉन ठेवायचा, गिरवायच्या वहीत अक्षरावर अक्षर काढतो ना, तसा. सगळे बसले. शेवटी ते चित्र काढून साधा वॉलपेपर लावायचा होता. पण त्याच्या जुन्या वॉलपेपरचा, मैदानात उभ्या असलेल्या पहिल्या गाडीचा, मूळ फोटो काही मला सापडला नाही, आणि चित्र तर इतकं फक्कड जुळलं होतं. म्हटलं, असू दे. खालचं कुणाला दिसतंय?

उजव्या खालच्या कोपऱ्यात एक पिवळा फोल्डर होता, त्याचं नाव 'रोजचं'. तो मला दिसत होता. दिसत होता म्हणूनच मला वाटलं की तो आहे. माझ्याच नियमाप्रमाणे डेस्कटॉपवर नुसत्या पाट्या, खरं सामान मी काढून ठेवलेलं, म्हणून डेस्कटॉप म्हणून वेगळं काही मी वाचवलंच नव्हतं. मी यादी करून बारा शॉर्टकट बनवले. चित्रात तेरा होते. मी मोजले नाहीत.

भाऊ घरी आला. गळ्याला पांढरी पट्टी, शर्टाचं वरचं बटण उघडं, खिशात छोटी वही आणि पेन. सात-आठ किलो उतरला होता. त्याची मुलगी चिंगी, नऊ वर्षांची, त्याला धरून चालत होती, खरं म्हणजे त्याच्या हाताला लोंबकळत होती. तो थेट कॉम्प्युटरपाशी गेला. मला बरं वाटलं. पाहा म्हटलं आता, ताईनं काय केलंय ते.

यंत्र दहा सेकंदांत सुरू झालं. त्यानं वळून भुवया उडवल्या. "साफसफाई केली थोडी," मी मानभावीपणानं म्हणाले. त्यानं अंगठा दाखवला. मग चिंगीला जवळ ओढलं, तिला मांडीवर घेतलं, माऊस धरला आणि बाण उजव्या खालच्या कोपऱ्यात नेला.

क्लिक. पुन्हा क्लिक.

खऱ्या आयकॉनवर बाण गेला की तो जरासा उजळतो. हा उजळला नाही. ते मला दिसलं. त्यानं परत क्लिक केलं, माऊस उचलून खालून पाहिला, शर्टाला पुसला, परत क्लिक केलं. मग माझ्याकडे बघून माऊस हवेत हलवला, हा बिघडला का म्हणून.

"हो, गेला असेल," मी म्हणाले. "उद्या नवा आणते."

बावीस वर्षांत मी गिऱ्हाइकाला शिव्या दिल्या असतील, पण खोटं कधी बोलले नाही. आणि पहिलं खोटं बोलले ते कुणाशी, तर याच्याशी.

स्वयंपाकघरात जाऊन मी भावजयीला विचारलं, त्या फोल्डरमध्ये आहे काय. ती पाणी गाळत होती, हात पुसत हसली. "तुम्हाला सांगू नको म्हणाले होते. तुम्ही रागवाल म्हणून. त्यांचा आवाज आहे त्यात." मग तिनं फडताळातून एक शंभर पानी वही काढून दाखवली. ऑपरेशनच्या आधीचे ते आठ दिवस तो खोलीत बसून हेडफोनच्या माइकवर बोलत होता. दोनशे बारा वाक्यं. प्रत्येकाला नंबर, प्रत्येकाची वेगळी फाईल, म्हणजे हवं ते वाक्य क्लिक करायचं आणि त्याचा आवाज बोलणार. रोज लागणार, शोधत बसायला नको, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा माझा नियम मोडून त्यानं ते डेस्कटॉपवर ठेवलं होतं.

वहीत त्याचं तिरकं अक्षर. चहा दे गं. दार लाव. पाच मिनिटांत आलो. चिंगे, ऊठ, सात वाजले. चिंगे, हे कोण आवरणार, तुझा बाप? मग एक पान शिकाऊ लोकांचं. शेवटची चार पानं फक्त चिंगीची होती, वर लिहिलं होतं, 'अठरा पूर्ण झाल्यावर, गाडीत'. आरसा आधी. घाबरू नकोस, दुसरा ब्रेक माझ्या पायाखाली आहे. बघ, चालवलीस की नाही. अशी अठ्ठावीस वाक्यं. आणि मधेच, एकशे सहा नंबरला, माझ्यासाठी एक होतं. 'ताई, आधी ऐकून तर घे.'

"छान आहे," मी म्हणाले आणि वही परत दिली. घरी कशी गेले ते मला आठवत नाही.

पुढचे आठ दिवस मी दुकानाला कुलूप लावलं. त्याची डिस्क काढून आणली, बदल्यात दुसरी तशीच तयार करून बसवली, आणि माझ्याकडची होती नव्हती ती सगळी साधनं त्या डिस्कवर चालवली. शून्यं. माझीच शून्यं, ओळीनं, एकही चूक नाही. पुसलेला डेटा परत काढून देणाऱ्या ओळखीच्या एका प्रयोगशाळेत पाठवली. त्यांनी दुसऱ्याच दिवशी फोन केला, "मॅडम, हे कुणी पुसलं? फारच व्यवस्थित पुसलंय." मी फोन आपटला.

मग मी फोन धुंडाळले. नातेवाइकांचे, त्याच्याकडे शिकलेल्यांचे, माझा. व्हिडिओ त्यानंच काढलेले, म्हणून त्याचा आवाज असा, "इकडे बघ, इकडे बघ," संपलं. बोलून पाठवलेले निरोप? माझ्याकडे एकही नव्हता. तो पाठवायचा पूर्वी, दोन-दोन मिनिटांचे, रस्त्यावर गाडी उभी करून, काहीबाही विनोद सांगत. मीच त्याला दरडावलं होतं, मला वेळ नाही ऐकायला, चार शब्द टाईप कर. त्यानंतर त्यानं टाईपच केलं.

रोज संध्याकाळी त्याच्याकडे जायचे आणि नवं खोटं घेऊन जायचे. माऊस बदलला. नवी सिस्टिम आहे, आधी सगळ्या फाइली शोधून घेते, वेळ लागतो. आवाजाचं कार्ड जुनं आहे, मागवलंय. तो मान हलवायचा. चिंगी शाळेतून आली की आधी कॉम्प्युटरपाशी, आणि कोपऱ्यातल्या त्या पिवळ्या चित्रावर क्लिक, क्लिक. "आत्या, आज उघडेल का?" मी म्हणायचे, "बघू हं." भाऊ खुर्चीत बसून माझ्याकडे बघत राहायचा. एकदा त्यानं वही काढली, पेनाचं टोपण काढलं, आणि मी घाईघाईनं म्हणाले, "दुकानात गिऱ्हाईक थांबलंय." त्यानं टोपण लावून टाकलं.

नवव्या दिवशी, शनिवारी दुपारी, भावजयीचा फोन आला. "ताई, लगेच या. चिंगी ऐकत नाहीये."

दारातूनच रडणं ऐकू येत होतं. चिंगी टेबलाखाली घुसून बसली होती, गुडघ्यांत तोंड घालून, हुंदके देत. भाऊ तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसला होता. तिच्या केसांवरून हात फिरवत होता, ती त्याचा हात झटकत होती. त्याचे ओठ हलत होते. नुसते हलत होते, आणि गळ्याच्या भोकातून फुस्स फुस्स हवा येत होती. तिनं डोळे घट्ट मिटून घेतले होते, म्हणून त्याचे ओठही तिला दिसत नव्हते.

"काय झालं गं?" मी म्हणाले.

"मी पुसला," चिंगी टेबलाखालून ओरडली. "आत्या, मी बाबांचा आवाज पुसला!"

पडद्यावर एक नवीन वॉलपेपर होता. चिंगीनं शाळेत काढलेलं चित्र, बाबा, आई, ती आणि दोन गाड्या. बाबांना आवडेल म्हणून तिनं त्या चित्राचा फोटो काढून आज डेस्कटॉपला लावला होता. बारा आयकॉन जागच्या जागी. उजवा खालचा कोपरा रिकामा. जुनं चित्र गेलं, त्याबरोबर फोल्डरही गेला.

आता खरं ते सांगते. एक क्षण मी गप्प राहिले. फार नाही, माणूस आवंढा गिळतो तेवढाच. त्या क्षणात माझ्या मनात आलं, की लहान आहे, विसरेल. लहान मुलांना कोण बोल लावतं? ताईनं काही केलं असं कुणाला कधीच कळणार नाही. हे माझ्या मनात आलं, आणि तेव्हा भाऊ माझ्याकडेच बघत होता.

मी जमिनीवर बसले. "चिंगे, तू नाही," मी म्हणाले. "मी पुसला. बाबा रुग्णालयात असताना. कॉम्प्युटर नवा करायला गेले आणि सगळं पुसून टाकलं. तुला दिसत होता तो फोल्डर नव्हताच, त्याचं नुसतं चित्र होतं. तू ते चित्र काढलंस, बाकी काही नाही. मी रोज खोटं बोलत होते."

भावजयीनं भिंतीला हात टेकला.  तिनं शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं.

भावानं खिशातून वही काढली. माझ्याकडे न बघता लिहिलं आणि पान माझ्यापुढे धरलं. 'दुसऱ्याच दिवशी कळलं होतं मला. फोल्डर ओढून बघितला, हलला नाही.'

"मग बोलला का नाहीस?" मी ओरडले.

शब्द तोंडातून गेले आणि मग मी काय बोलले ते मला ऐकू आलं. जीभ तोडून टाकावीशी वाटली. तो हसला, थोडंसं, डोळ्यांत पाणी होतं. परत लिहिलं. 'तू सांगशील म्हणून थांबलो होतो.'

मी रडले. आई गेली तेव्हाही मी लोकांसमोर रडले नव्हते. "मला माफ कर रे," मी म्हणाले. त्यानं मान हलवली, होकाराची नाही आणि नकाराचीही नाही. त्याला तेव्हा माझ्याशी काही बोलायचंच नव्हतं. त्याचं लक्ष टेबलाखाली होतं. चिंगी माझं ऐकूनही थांबली नव्हती, उलट आता तिला उचक्या लागल्या होत्या. कुणी पुसला हे कळून तिला काय करायचं होतं? तिला तो हवा होता.

तो उठला, फडताळातून ती शंभर पानी वही घेऊन आला आणि परत मांडी घालून बसला. पानं उलटत एका ओळीवर थांबला. वही माझ्याकडे फिरवली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. मग चिंगीकडे बोट केलं.

मी भावजयीकडे बघून म्हणाले, "मी नको. हिला वाचू दे." त्यानं नकाराची मान हलवली, आणि बोट तिथेच ठेवलं.

मी डोळे पुसले. "काही बिघडलं नाही, चिंगे," मी वाचलं. "इकडे ये बघू माझ्याकडे."

माझा आवाज काय आहे ते मला माहीत आहे. दुकानात आयुष्य गेलं. ते वाक्य माझ्या तोंडून असं निघालं, जणू गिऱ्हाइकाला बिल भरायला बोलावतेय.

टेबलाखालचं रडणं थांबलं. चिंगीनं गुडघ्यांतून तोंड वर काढलं. आधी बापाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बाबा असं नाही म्हणत," ती म्हणाली.

भावानं पुन्हा त्याच ओळीवर बोट ठेवलं. मी पुन्हा वाचलं.